जुन्या जॅझच्या स्पूल टेपा: आवाज खराब आहे की मलाच ऐकता येत नाहीये?

बार्देसकरीण

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे पण नीट सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून सगळंच लिहिते.

गोव्यात हळदोण्यात आमच्या शेजारी एक आंटी राहतात, वय ८० च्या पुढे. त्यांचे यजमान आधी मुंबईत हॉटेलांच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे, लग्न झाल्यावर बोटीवर लागले ते रिटायर होईपर्यंत बोटीवरच. (हळदोणे हे प्रसिद्ध जॅझ ट्रम्पेटवाल्या चिक चॉकलेटचं गाव, त्यामुळे ट्रम्पेट इथे काही नवं नाही.) ते जाऊन बरीच वर्षं झाली. यंदा मे महिन्यात घराचे नळे परतायला माणसं आली तेव्हा माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली काढली, आत २३ स्पूल आणि चादरीत गुंडाळलेलं, स्पूल वाजवायचं आकाई जीएक्स-४०००डी मशीन. आंटी म्हणाल्या, तू गाणं शिकलीस ना, तूच बघ ह्यातलं काय ठेवण्यासारखं आहे. त्यांच्या मुलाने डिजिटल करायला पैसे पाठवलेत पण ते काम करणारे तासावर पैसे घेतात, सगळ्या २३ होणार नाहीत, निवडायलाच लागणार आणि निवडणार मी.

मशीन सुरू झालंय, ओळखीच्या माणसाने उघडून साफ केलं. पण जे ऐकू येतंय त्याने गोंधळलेय. पाच स्पूल विकतच्या आहेत, छापील खोक्यातल्या, त्या बऱ्या वाजतात. बाकी घरी भरलेल्या, खोक्यावर पेन्सिलीने अर्धं काहीतरी लिहिलेलं. एकीत एवढा सूंऽऽ आवाज आहे की बँड पावसात वाजवतोय असं वाटतं. एक घोंगडीखालून आल्यासारखी वाजते, काहीच धार नाही. एकीत डाव्या स्पीकरमधून बँड आणि उजव्यामधून काहीतरी भलतंच, कुठल्या अनोळखी भाषेत कोणी बोलतंय गातंय असं. एकीत ट्रम्पेट सुरू व्हायच्या आधी दोनेक सेकंद तेच ट्रम्पेट लांबून, भुतासारखं ऐकू येतं. आणि एक मागून काळी असलेली टेप मशीनवर चढवली तर किंचाळायला लागली, मी घाबरून बंद केली, हेडवर (मशीनमध्ये टेप जिथे घासून वाचली जाते तो भाग) तपकिरी चिकट काहीतरी राहिलं.

मी नऊ वर्षं हिंदुस्थानी शिकले, सूर कळतो. पण जॅझमध्ये कशाकडे कान द्यायचा ते कळत नाही. रेकॉर्डिंगच वाईट झालंय, का टेप खराब झालीय, का मशीन, हे वेगवेगळं ओळखायचं कसं? चुकीची टेप बाजूला ठेवली तर ती कायमची गेली, ह्याची भीती वाटते.

मडगावचा_टेपवाला

ताई, सगळ्यात आधी ती किंचाळणारी टेप परत लावू नका. एकदाही नको. १९७० नंतरच्या काही टेपांना मागून काळा थर असायचा, अँपेक्स ४५६ त्यातली सगळ्यात बदनाम, त्यांच्यात लोखंडाची पूड धरून ठेवणारा जो चिकटा असतो तो हवेतली ओल पितो आणि सुटायला लागतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात ट्रंकेत किती ओल जाते ते तुम्हाला सांगायला नको. हेडवर जे तपकिरी राहिलं ती तुमची मुजिकच आहे, तेवढी गेली. अशी टेप मंद उष्णतेत, साधारण ५४ अंशावर, आठ तास किंवा जास्त ठेवतात, मग काही दिवस-आठवडे नीट वाजते आणि तेवढ्यात कॉपी करून घ्यायची. पण घरच्या ओव्हनमध्ये अजिबात नको आणि उन्हात तर नकोच नको, ज्याच्याकडे तापमान धरून ठेवणारं यंत्र आहे त्यानेच करायचं. आणि जुन्या ॲसिटेटच्या टेपला हे करायचंच नाही, ती वाया जाईल. ओळखायची कशी तर स्पूल उजेडासमोर धरा, गुंडाळी आरपार उजळलेली दिसली तर ॲसिटेट, काळीठिक्कर दिसली तर पॉलिएस्टर. व्हिनेगरचा वास आला तरी ॲसिटेटच, आणि मग तिला पहिला नंबर द्या कारण ती सडायला लागलीय.

उजव्या स्पीकरमधली अनोळखी भाषा म्हणजे टेपची दुसरी बाजू आहे, उलटी वाजतेय. ती मोनो मशीनवर भरलेली आहे, त्यात वरच्या अर्ध्या पट्टीवर एक बाजू आणि खालच्या अर्ध्यावर दुसरी, उलट दिशेने. तुमचं आकाई चार ट्रॅकचं, म्हणजे पट्टीच्या रुंदीत आवाजाच्या चार समांतर रेघा, त्याचं हेड पहिला आणि तिसरा ट्रॅक वाचतं, पहिला पडतो वरच्या अर्ध्यात आणि तिसरा खालच्या. म्हणून डावीकडे सुलटं आणि उजवीकडे उलटं. काही बिघडलेलं नाही. बॅलन्स पूर्ण डावीकडे करा आणि ऐका, मग स्पूल पालटून लावा आणि परत डावीकडेच ऐका.

घोंगडीवाली टेप हातात घ्या आणि बघा कुठली बाजू हेडला लागतेय. कधी कोणी घाईत गुंडाळताना पीळ पडलेला असतो आणि पाठ हेडकडे येते, मग आवाज बारीक आणि बुजलेला होतो. साधारण मळकट बाजू हेडला लागायला हवी, चकचकीत बाहेर (काळ्या पाठीच्या टेपेला हा नियम लावू नका). तसं नसेल तर अझिमथ, म्हणजे हेड पट्टीला काटकोनात आहे का ते. हेडच्या बाजूला बारीक स्क्रू असतो. आधी त्याच्या मूळ जागेची पेनाने खूण करा, मगच केसभर फिरवा, टेप वाजत असताना, आणि जिथे झांजेची धार सगळ्यात जास्त येते तिथे थांबा. स्टिरिओ टेप असेल तर दोन्ही बाजू एकत्र मोनोमध्ये करून ऐका, फरक फार लवकर कळतो. ज्या मशीनवर टेप भरली त्याचं हेड जरा तिरकं असेल तर तुम्हालाही तेवढंच तिरकं करायला लागतं, म्हणून हे प्रत्येक टेपला वेगळं. माझ्याकडे एकदा एक कुटुंब आलं होतं, कुठल्यातरी दुकानदाराने त्यांची टेप न तपासता 'आवाज गेलाय' म्हणून सांगितलेलं, आणि स्क्रूच्या पाव फेऱ्यात सगळा बँड परत आला. तेव्हापासून मी अझिमथ बघितल्याशिवाय कुठल्याच टेपबद्दल मत देत नाही.

हेड आणि टेप जाते ते सगळे धातूचे भाग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कापसाच्या काडीने, प्रत्येक टेपनंतर. रबरी रोलरला साबणाचं पाणी पुरे. स्पूलवर पांढरी बुरशी असेल तर घरात झटकू नका, नाकाला मास्क लावून बाहेर.

पुणेकर_ऐकतोय

एक वेगळं मत. विकतच्या पाच स्पूलवर पैसे घालवू नका. लोकांना वाटतं स्पूल म्हणजे स्टुडिओची मूळ टेप, तसं नसतं. दुकानात मिळणाऱ्या स्पूल १९५० च्या दशकाच्या शेवटापासून चार ट्रॅकच्या आल्या आणि त्या कॉपीची कॉपी, शिवाय खऱ्या वेगाच्या कितीतरी पट वेगाने छापलेल्या. त्याच मूळ टेपवरून नंतर चांगली सीडी निघालेली असते. आणि ज्यात एवढा हिस, म्हणजे तो सूंऽऽ आवाज, आहे त्या पण सोडा, कानाला त्रास. ज्या स्वच्छ आहेत तेवढ्याच करा.

डबलबास

विकतच्यांबद्दल पुणेकरांशी सहमत आहे. हिसबद्दल अजिबात नाही, आणि ह्या एका गोष्टीसाठीच मुद्दाम लॉगिन केलंय.

हिस म्हणजे जास्तीचं काहीतरी. ते ऐकायला त्रास होतो हे खरं पण हिस ऐकू येतोय ह्याचा अर्थ वरच्या पट्टीतला आवाज मशीनपर्यंत पोचतोय. ज्या टेपवर हिससुद्धा बुजलेला आहे तिथे खरी काळजी. घरच्या टेपा बहुधा सेकंदाला ९.५ सेंटिमीटर वेगाने भरलेल्या असतात कारण टेप महाग होती, विकतच्या १९ वर, स्टुडिओत ३८. वेग कमी तसा हिस जास्त आणि झांजेची धार कमी. ट्रॅकची रुंदी निम्मी केली की अजून साधारण ३ डेसिबलचा तोटा. तेव्हा घरच्या टेपवर हिस असणार, तिच्या जातीचाच आहे तो. त्याला गुण द्यायचे किंवा कापायचे नाहीत.

ताई, तुम्ही हिंदुस्थानी शिकलात म्हणजे तुमच्याकडे आमच्यापेक्षा चांगलं हत्यार आहे. तानपुऱ्याची जवारी आठवा. जवारी बसली की षड्ज असतो, सूर चुकलेला नसतो, पण तानपुरा मेलेला वाटतो. जॅझमध्ये ते काम राइड झांज करते, ड्रमवाल्याच्या उजव्या हाताची ती मोठी झांज, टिंग टिंग-टि टिंग, गाणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत चालू असते. तीच ऐका, बाकी सगळं सोडून. काठी लागल्याचा टोकदार आवाज वेगळा आणि त्यानंतर पसरत जाणारी झिलई वेगळी ऐकू येते का? काठी ऐकू येते पण झिलई नाही, तर वरची पट्टी गेलीय. दोन्ही मिळून नुसतं 'चस् चस्' येतं तर बहुतेक अझिमथ. झिलई आहे पण मधेच एका बाजूला विरते, परत येते, तर टेपचा त्या जागचा थर उडालाय किंवा पट्टी दुमडलीय.

मग ब्रश. संथ गाण्यात ड्रमवाला काठीऐवजी तारांचे ब्रश घेतो आणि स्नेअर ड्रमवर गोल गोल घासतो. चांगल्या टेपवर तो हात फिरताना कळतो, कुठे दाब दिला तेही. वाईट टेपवर तो आणि हिस एकमेकांत मिसळतात. हे दोन वेगळे ऐकता आले की समजा तुमचा कान बसला.

तिसरं पियानो. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनमध्ये वाजवणाऱ्याचा स्वतःचा कंप असतो म्हणून मशीन डगमगतंय का ते त्यात लपून जातं. पियानोचा लांब सोडलेला सूर मात्र सरळ विरायला पाहिजे, तो हलू शकत नाही, हलला तर दोष यंत्राचा, एकतर तुमच्या नाहीतर भरणाऱ्याच्या. विकतच्या टेपवर पियानो सरळ आणि घरच्यावर हलतोय तर दोष भरतानाचा, दोन्हीवर हलतोय तर तुमचं आकाई.

मग माझा आवडता, बास. भिंतीतून येणाऱ्या ढुम ढुमसारखा एकच गोळा ऐकू येतो का प्रत्येक सुराला बोटाचा ठोका आहे आणि सूर वर चाललाय का खाली ते कळतं? बास कळत नसेल तर बऱ्याचदा टेपचा नाही, ज्या खोलीत माइक ठेवला त्या खोलीचा दोष असतो, आणि त्यावर इलाज नाही. पण म्हणून टेप वाईट होत नाही, तो त्या संध्याकाळचा हॉलच तसा होता.

आणि ट्रम्पेट जोरात आल्यावर आवाज फाटतो का ते बघा. टेपची गंमत अशी की थोडं जास्त भरलं तर ती एकदम फाटत नाही, टोकं दाबून गोल करते, ते कित्येकांना आवडतंच. पण ट्रम्पेटला हार्मन म्यूट (आवाज दाबायला भोंग्यात बसवतात तो धातूचा बूच) लावलेला असेल आणि तो खरखरत असेल तर भरताना काटा लाल पट्टीत गेलेला होता. हे दुरुस्त होत नाही.

भुताचं सोपं आहे. टेप वर्षानुवर्षं गुंडाळून राहिली की एका वेढ्याचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर उमटतं. एका वेढ्याला जेवढा वेळ लागतो तेवढ्याच अंतरावर ते ऐकू येतं, १९ च्या वेगाला भरलेल्या सात इंची स्पूलवर बाहेरच्या वेढ्याला जवळपास ३ सेकंद, आत आत जाताना १ पर्यंत कमी. ट्रम्पेट सुरू व्हायच्या आधी शांतता असते म्हणून आधीचं भूत जास्त उघडं पडतं. ह्यानंतर टेपा वाजवून झाल्या की मागे गुंडाळू नका, शेवट बाहेर ठेवूनच ठेवा. मग उमटलेलं भूत मूळ आवाजाच्या नंतर येतं आणि त्याच्या विरण्यात झाकलं जातं.

अजून एक, विकतच्या स्टिरिओ टेपवर सॅक्स पूर्ण डावीकडे आणि ड्रम पूर्ण उजवीकडे असेल तर तो बिघाड समजू नका, सुरुवातीच्या स्टिरिओत मिक्स करायची तीच रीत होती.

पुणेकर_ऐकतोय

हिसबद्दल पटलं, मागे घेतो. घरी भरलेल्यांची दुसरी प्रत जगात कुठेच नसणार हे मी धरलंच नव्हतं.

बार्देसकरीण

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. दोन रात्री बसून केलं, लिहिते.

घोंगडीवाली खरंच पिळलेली होती, साधारण मध्यावर. हाताने सरळ केली आणि पुढचा भाग एकदम उघडला, मी खुर्चीतून उठले. ब्रश ऐकू आला, गोल फिरणारा, डबलबास म्हणाले तसा दाबासकट.

हिसवाली परत ऐकली, ह्यावेळी फक्त राइड झांजेकडे कान ठेवून. दहा मिनिटांनी हिस कानाआड गेला, मैफिलीत पंखा विसरतो ना तसा. झिलई सगळी आहे. ही मी टाकून देणार होते.

उलट्या भाषेच्या टेपची दुसरी बाजू म्हणजे बँडची तालीम निघाली. मधे थांबतात, कोणीतरी कोंकणीत रागावतो, परत वन टू थ्री.

पण एक नवीन कोडं. तीन टेपांवर पेन्सिलीने बोटीचं नाव आणि 'रेडिओ' लिहिलंय. त्यात अमेरिकन निवेदक बोलतो, एवढ्या खर्जात आणि एवढा सावकाश की मला आधी वाटलं तो तसाच बोलतो. पण बँड पण सगळा ढिला वाटतो. मधेच आवाज लाटेसारखा येतो आणि जातो. वेगाचं बटण दोन्हीकडे करून बघितलं, दुसरीकडे एकदम भरभर आणि चिरकं, चिपमंकसारखं होतं. मशीन बिघडलं का? विकतच्या टेपा मात्र सुरात आहेत, ट्यूनर लावून बघितलं.

मडगावचा_टेपवाला

बोटीचं नाव लिहिलंय तिथेच उत्तर आहे. आपल्या घरात वीज ५० हर्ट्झची, बऱ्याच बोटींवर ६० ची. ह्या जुन्या डेकची मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीवर फिरते. मशीन ५० वर लावलेलं असताना त्यांनी बोटीवर ६० वर भरलं असेल तर ते २० टक्के जोरात फिरत होतं. आता घरी ५० वर तीच टेप त्याच प्रमाणात हळू वाजणार. मशीन बरोबर, टेप बरोबर, मधला समुद्र वेगळा.

लाटेसारखं येणं-जाणं शॉर्टवेव्ह रेडिओचं आहे, टेपचं नाही. त्याला कोणी काही करू शकत नाही.

डबलबास

वा, ह्यात तर तुम्हालाच मजा येणार ताई. ५० भागिले ६० म्हणजे पाच षष्ठांश. सा च्या जागी बरोबर मंद्र शुद्ध धैवत. जे पांढरी एकमध्ये हवं ते तुम्हाला खालच्या पांढरी सहामध्ये ऐकू येत असणार. निवेदक व्हॉइस ऑफ अमेरिकाचे विलिस कोनोव्हर असतील तर ते मुळातच खर्जात आणि सावकाश बोलायचे, १९५५ पासून त्यांचा जॅझचा कार्यक्रम जगभर शॉर्टवेव्हवर यायचा, म्हणून निव्वळ आवाजावरून ठरवू नका. त्यांची सुरुवातीची धून 'टेक द ए ट्रेन' असायची. ड्यूक एलिंग्टनच्या बँडच्या १९४१ च्या रेकॉर्डवर ती पांढरी एकमध्ये सुरू होते आणि बँड बहुधा त्याच सुरात धरतात. टेपवर ती धून असेल तर हार्मोनियम घेऊन बसा. पांढरी सहावर जुळली तर हिशोब पक्का.

विजेची जी बारीक गुणगुण टेपवर भरली जाते तिच्यावरून वेग ठरवायची जुनी युक्ती इथे चालणार नाही, कारण बोटीवरची ६० ची गुणगुणही त्याच प्रमाणात उतरून ५० वर येते, सगळं बरोबर आहे असंच वाटेल. धूनच हवी.

आणि ह्यात लाजण्यासारखं काही नाही. ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' ह्या अल्बमच्या २ मार्च १९५९ च्या सेशनला न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत एक मशीन भरताना किंचित हळू चालत होतं. त्यामुळे रेकॉर्डची पहिली बाजू सगळीकडे जराशी चढ्या सुरात वाजत राहिली, आणि दुसऱ्या मशीनवरची टेप वापरून ते १९९२ मध्ये सुधारलं. तीसेक वर्षं लोक त्याच्याबरोबर वाजवून शिकले आणि आपलंच वाद्य उतरलंय असं समजले.

मशीनला हात लावू नका. जशी वाजते तशीच डिजिटल करा, २४ बिट ९६ किलोहर्ट्झ, आणि मग कॉम्प्युटरवर १२० टक्के वेग द्या. मूळ फाइल तशीच ठेवा. हिस कमी करायचं सॉफ्टवेअर मूळ फाइलवर कोणी चालवणार नाही हे आधीच लिहून घ्या, ते आधी झिलई खातं.

बार्देसकरीण

जुळली. पांढरी सहावर. हार्मोनियमवर बोट ठेवलं आणि अंगावर काटा आला.

आता यादी अशी केलीय: ॲसिटेटच्या चार आधी (दोघींना व्हिनेगरचा वास आहे), मग तालमीची, हिसवाली, पिळलेली, रेडिओच्या तीन. विकतच्या पाच कापडी पिशवीत सिलिका जेल घालून कपाटात. बाकीच्या अजून ऐकायच्या आहेत. काल आंटींना तालमीची बाजू ऐकवली, मोबाइलवर घेतलेली. त्या रागावणाऱ्या माणसाचा आवाज आला तशा हसल्या, म्हणाल्या तो बँडमास्टर, आणि मागून 'सॉरी सॉरी' म्हणतो तो आमचा. मी तो भाग वीस वेळा ऐकला होता, मला 'सॉरी' ऐकूच आलं नव्हतं.

एकच शेवटचं विचारायचंय, डिजिटल करणारा म्हणतो मधली बोलणी, थांबणं, खुर्च्या सरकवणं कापून देतो, वेळ वाचेल, पैसे कमी लागतील. काय करू?

डबलबास

एक सेकंदही कापू देऊ नका. पैसे कमी पडले तर रेडिओची एक टेप पुढच्या वर्षी करा.

मडगावचा_टेपवाला

तेच म्हणतो. आणि ती काळ्या पाठीची किंचाळणारी प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलबरोबर बंद करून ठेवा, उभी, आडवी नको. आता जुलैत तिला कोणी हात लावू नये, भाजून बाहेर काढली की हवा लगेच परत ओल घालणार. दसरा झाला की हवा कोरडी होते, तेव्हा मडगावला घेऊन या, मी ज्यांच्याकडून हे काम करून घेतो त्यांच्याकडे आपण बरोबर जाऊ. येताना खोक्यावरची पेन्सिलीची अक्षरं फोटो काढून आणा, घासून पुसट होतात ती.